पन्नास डॉलरांचे पत्र

कथा-कादंबरी एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेण्याचा प्रश्न काही आजचा नव्हे. कादंबरीचे नाटक होते, नाटकाचा चित्रपट होतो, आणि प्रत्येक वेळी आपले काहीतरी वाटेत सांडले ही मूळ लेखकाची तक्रार ठरलेलीच असते. त्यातही चौकटीचौकटींतून चित्रे आणि शब्द मांडणाऱ्या चित्रकथांना, म्हणजे ज्यांना आता सर्वत्र कॉमिक्स म्हणतात त्यांना, साहित्याच्या पंक्तीला बसवून घेण्यास विद्वान मंडळी फार उशिरा तयार झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत तर कॉमिक म्हणजे दहा सेंटांचे, पोरांच्या हातून फाटून केराच्या पेटीत जाणारे चोपडे, एवढीच त्याची प्रतिष्ठा होती. अशा काळी एका होतकरू कादंबरीकाराला आपल्या कथा एका कॉमिक्सच्या प्रकाशकाने विनापरवाना उचलल्याचे आढळून आले. त्याने वकील गाठला नाही. एक पत्र लिहिले. त्या पत्रातून चोरीच्या जागी भागीदारी उभी राहिली, आणि ती भागीदारी अवघ्या दोन-तीन वर्षांत एका सार्वजनिक वावटळीत सापडली. ह्या लहानशा प्रकरणात लेखकाचा हक्क, वाचकाचे स्वातंत्र्य आणि समाजाचे भय असे तीन मोठे प्रश्न गुंतलेले आहेत.

हा कादंबरीकार म्हणजे रे ब्रॅडबरी. २२ ऑगस्ट १९२० रोजी इलिनॉय राज्यातील वॉकीगन ह्या गावी त्याचा जन्म झाला. मंदीच्या दिवसांत, १९३४ साली, कुटुंब लॉस एंजेलिसला आले. १९३८ मध्ये शालेय शिक्षण संपले. महाविद्यालयासाठी पैसा नव्हता. मग त्याने रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रे विकली आणि सार्वजनिक ग्रंथालयालाच आपले विद्यापीठ मानले. १९५० साली मंगळावरील मानवी वसाहतींच्या कथांचे 'द मार्शियन क्रॉनिकल्स' आणि १९५१ साली 'द इलस्ट्रेटेड मॅन' ही पुस्तके निघाली, तेव्हा विज्ञानकथेला काव्याची भाषा देणारा लेखक म्हणून त्याचे नाव होऊ लागले होते.

कॉमिक्सशी त्याचे नाते मात्र लेखक होण्याच्या आधीपासूनचे होते. १९२९ च्या जानेवारीत 'बक रॉजर्स' ही पंचविसाव्या शतकातील साहसांची चित्रमालिका अमेरिकन वर्तमानपत्रांतून सुरू झाली. तिची कात्रणे कापून जपून ठेवण्याचा छंद लहानग्या रेला जडला. शाळासोबत्यांनी थट्टा केली, तेव्हा शरमून त्याने सारा संग्रह फाडून टाकला. आणि थोड्याच दिवसांत आपण काहीतरी जिवाभावाचे गमावले असे त्याला तीव्रतेने वाटू लागले. संग्रह त्याने पुन्हा सुरू केला, आणि ज्यांनी थट्टा केली ते आपले मित्रच नव्हेत असा निर्वाळा देऊन टाकला. ही हकीगत तो पुढे जन्मभर सांगत राहिला. पुढील घटना समजण्यासाठी ती ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कारण १९५२ साली ज्याच्या कथा उचलल्या गेल्या तो कॉमिक्सकडे तुच्छतेने पाहणारा पंडित नव्हता, ती जपून ठेवणारा जुना रसिक होता.

आता दुसरी बाजू. न्यूयॉर्कमध्ये २२५, लाफायेट स्ट्रीट येथे 'ईसी' नावाची एक लहान प्रकाशनसंस्था होती. तिचा संस्थापक मॅक्स गेन्स हा अमेरिकेतील कॉमिक पुस्तकांच्या धंद्याच्या जनकांपैकी एक. बायबलमधील आणि इतिहासातील कथा मुलांना चित्रांतून द्याव्यात, ह्या हेतूने त्याने संस्थेचे नाव 'एज्युकेशनल कॉमिक्स' ठेवले होते. १९४७ साली नौकेच्या अपघातात तो मरण पावला आणि पंचवीस वर्षांच्या विल्यम गेन्स ह्या मुलाच्या गळ्यात हा धंदा पडला. मुलाने आद्याक्षरे तीच ठेवली, पण 'एज्युकेशनल'च्या जागी 'एंटरटेनिंग' हा शब्द घातला. बोधाची जागा रंजनाने घेतली. १९५० पासून ह्या संस्थेने भयकथा, गुन्हेगारी, युद्ध आणि विज्ञानकथा यांची मासिके काढली. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'वीअर्ड सायन्स', 'वीअर्ड फँटसी' ही त्यांतील प्रमुख नावे.

संपादन, आणि बहुतेक सर्व लेखनही, अल् फेल्डस्टीन ह्या तरुणाकडे होते. कामाची पद्धत विलक्षण होती. गेन्स रात्र रात्र जागून कथा वाचत असे आणि सकाळी फेल्डस्टीनपुढे कल्पनांची रास ओतत असे. त्यांतील एखादी पसंत पडली की फेल्डस्टीन ती सरळ चित्रफलकावर चौकटी आखून लिहू लागे. निवेदन आणि संवाद आधी फलकावर उतरत, यंत्राच्या साहाय्याने त्यांची एकसारखी अक्षरे काढली जात, आणि मग उरलेल्या रिकाम्या जागेत चित्र काढण्यासाठी तो फलक चित्रकाराकडे जाई. सामान्यतः चित्राच्या मागून शब्द येतात. येथे शब्दांच्या मागून चित्र येत असे. आठवड्याकाठी कित्येक कथा ह्या रीतीने हातावेगळ्या होत. इतक्या वेगाने नवे बीज सुचणे कठीण. तेव्हा रात्री वाचलेल्या कथांतील कल्पना सकाळच्या कथेत उतरू लागल्या, ह्यात नवल नाही. मात्र जे घडले ते क्षम्य होते असेही नव्हे.

'वीअर्ड फँटसी'च्या १९५२ मधील तेराव्या अंकात 'होम टु स्टे' नावाची कथा आली. चित्रे वॉली वूड ह्या कुशल चित्रकाराची होती. ब्रॅडबरीने ती वाचली आणि त्याला आपल्याच दोन कथा एकात एक गुंफलेल्या दिसल्या. एक 'द रॉकेट मॅन' : घरापेक्षा अंतराळातच अधिक काळ राहणाऱ्या पित्याची, आणि त्याची वाट पाहणाऱ्या मायलेकांची. दुसरी 'कॅलिडोस्कोप' : यान फुटल्यामुळे अवकाशात विखुरलेल्या यात्रिकांची, ज्यांतला एक पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळून जातो आणि खालून पाहणाऱ्या एका मुलाला तो तुटता तारा वाटतो. फेल्डस्टीनने दोहोंचा सांधा असा जुळवला होता की, एका कथेतील पिता हाच दुसऱ्या कथेतील जळता यात्रिक ठरला. चोरी तर उघड होती. पण चोरणाऱ्याला मालाची पारख होती, हेही तितकेच उघड होते. ईसीच्या त्याआधीच्या काही भयकथांतही ब्रॅडबरीच्या कथांची छाया पडलेली होती.

१९५२ च्या एप्रिलमध्ये ब्रॅडबरीने प्रकाशकास पत्र लिहिले. त्यात आरोप नव्हता, धमकी नव्हती. आपल्या दोन कथांच्या दुय्यम हक्कांबद्दल ५० डॉलरांचा धनादेश अद्याप आलेला नाही, कचेरीच्या धांदलीत तो राहून गेला असावा, लवकरच येईल अशी अपेक्षा आहे, असा त्याचा आशय होता. एवढ्यावर न थांबता त्याने ताजा कलम जोडून आपल्या पुस्तकांतील कथांवर चित्रकथा काढण्याचा विचार प्रकाशकाने केला आहे काय, अशी पृच्छाही केली. पत्र लिहिणारा एकतीस वर्षांचा, घेणारा तीस वर्षांचा, आणि ज्याने कथा उचलली तो सव्वीस वर्षांचा. तिघेही तरुण होते, पण व्यवहारातील शहाणपण ह्या पत्रात वयाच्या मानाने पुष्कळ होते. प्रकाशकाला माघार घेण्यास सन्मानाची वाट मोकळी ठेवली होती. आणि तरीही हक्काचा मुद्दा तसूभरही सोडलेला नव्हता. रक्कम मागितली याचा अर्थच असा की, कथा माझी आहे हे आधी मान्य करा.

गेन्सने ते मान्य केले. पैसे पाठवले आणि यापुढे परवानगीने, मोबदला देऊन, लेखकाचे नाव छापून कथा घेण्याचे ठरले. जे नाव लपवले गेले होते ते मुखपृष्ठावर झळकू लागले. पुढील दोन वर्षांत अशा सुमारे दोन डझन कथा निघाल्या. लेखक पश्चिम किनाऱ्यावर आणि प्रकाशक पूर्व किनाऱ्यावर, त्यामुळे सारा व्यवहार टपालाने होई. ब्रॅडबरी संहिता लिहीत नसे. ते काम फेल्डस्टीनचेच. अंक हाती आला की लेखक मोकळेपणाने अभिप्राय कळवी आणि त्यांतील काही मजकूर वाचकांच्या पत्रव्यवहारात छापलाही जाई. लेखकाने रूपांतरकाराच्या खांद्यावरून सतत डोकावू नये आणि रूपांतरकाराने लेखकाच्या शब्दांचा अवमान करू नये, असा हा न लिहिलेला करार होता.

त्या कराराचे कलात्मक फळ काय, हे पाहण्यासारखे आहे. ब्रॅडबरीची शक्ती घटनेपेक्षा वाक्याच्या लयीत असते, हे फेल्डस्टीनने ओळखले. म्हणून त्याने मूळ गद्यातील लांबच लांब तुकडे निवेदनाच्या पट्ट्यांत तसेच ठेवले. शब्द आधी आणि चित्र मागाहून ही ईसीची रीत येथे उपकारक ठरली. दोष यायचा तोही तेथूनच आला : कित्येक चौकटींत अक्षरांची गर्दी इतकी की, चित्राला श्वास घ्यायला जागा उरू नये, आणि निवेदन जे सांगते तेच चित्राने पुन्हा दाखवावे.

'देअर विल कम सॉफ्ट रेन्स' ह्या कथेचे उदाहरण घ्यावे. तिच्यात एकही जिवंत माणूस नाही. अणुस्फोटानंतर उभे राहिलेले एकुलते एक यांत्रिक घर नित्याप्रमाणे न्याहारी तयार करते, वेळ सांगते, फरशी पुसते. घरातील माणसे मात्र जळून गेली आहेत आणि त्यांच्या छायाकृती तेवढ्या भिंतीवर उमटल्या आहेत. पात्रे नाहीत, संवाद नाहीत, मग चित्रकथा उभी राहायची कशी? वूडने घरालाच नायक केले. यंत्रांचे बारकावे त्याने इतक्या निष्ठेने रेखाटले की, माणसांची अनुपस्थिती डोळ्यांना बोचू लागते. कथा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. हिरोशिमा होऊन आठ वर्षेही झाली नव्हती आणि अमेरिकेत अणुयुद्धाची धास्ती घरोघर होती. दहा सेंटांच्या चोपड्यातून मुलांपर्यंत पोचलेली ही कथा केवळ करमणूक नव्हती.

दुसरे उदाहरण 'द फ्लाइंग मशीन' ह्या कथेचे. इसवी सन ४०० मधील चीन. कागद आणि बांबू यांचे पंख करून एक मनुष्य आकाशात उडतो. सम्राट युआन त्याला खाली बोलावतो, त्या शोधाचे सौंदर्य मान्य करतो, आणि तरीही त्याचा शिरच्छेद करवून यंत्र जाळण्याची आज्ञा देतो. त्याला भय ह्या माणसाचे नसते. उद्या दुसरा कोणी दुष्ट असेच पंख लावून चीनच्या भिंतीवरून दगड टाकील, याचे असते. बर्नार्ड क्रिगस्टीनने ही कथा पौर्वात्य चित्रशैलीची आठवण देणाऱ्या नाजूक रेषांत रंगवली. ती १९५४ च्या आरंभी निघाली. संभाव्य अपायाच्या भयाने प्रत्यक्ष सौंदर्याचा बळी द्यावा काय, हा त्या कथेतील प्रश्न. आणि काही आठवड्यांतच तो कागदावरून उतरून खुद्द प्रकाशकासमोर उभा राहिला.

कॉमिक्सविरुद्धचा रोष अचानक उसळलेला नव्हता. १९४८ साली वेस्ट व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन अशा गावांत शाळकरी मुलांनीच, वडीलधाऱ्यांच्या प्रोत्साहनाने, कॉमिक्सच्या होळ्या केल्या होत्या. १९५४ साली डॉ. फ्रेड्रिक वर्थम ह्या मानसोपचारतज्ज्ञाचे 'सिडक्शन ऑफ दि इनोसंट' हे पुस्तक आले. बालगुन्हेगारीचे एक मोठे कारण कॉमिक्स हेच आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. वर्थमला माथेफिरू ठरवणे सोपे, पण अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र फीवर त्याने मानसोपचाराचे केंद्र चालवले होते, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात त्याच्या साक्षीचा उपयोग झाला होता. मुलांविषयी त्याचा कळवळा खरा होता. परंतु कळवळा हा पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. वर्थमची मूळ कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली ह्या संशोधिकेने २०१२ साली दाखवून दिले की, मुलांच्या जबान्या आपल्या निष्कर्षाला जुळतील अशा बेताने त्याने जागोजाग वाकवल्या होत्या.

२१ एप्रिल १९५४ रोजी अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीपुढे न्यूयॉर्क येथे वर्थम आणि गेन्स या दोघांच्याही साक्षी झाल्या. सिनेटर केफॉव्हर यांनी गेन्सच्याच एका मासिकाचे मुखपृष्ठ वर धरले. त्यावर एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात स्त्रीचे तुटलेले मस्तक असे चित्र होते. हे सुरुचीचे आहे काय, असे त्यांनी विचारले. भयकथेच्या मुखपृष्ठापुरते सुरुचीचेच आहे, असे गेन्सने उत्तर दिले. तर्कदृष्ट्या उत्तर सुसंगत असेल, पण लोकमताच्या न्यायालयात ते घातक ठरले. त्याच वर्षी प्रकाशकांच्या संघाने स्वतःवर एक नियमावली लादून घेतली. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्दही तिने निषिद्ध ठरवले. नियमावलीचा शिक्का नसलेले अंक वितरक उघडेनासे झाले. गेन्सला आपली भयकथा आणि गुन्हेगारीची मासिके बंद करावी लागली, विज्ञानकथाही फार काळ तगल्या नाहीत, आणि ब्रॅडबरीच्या कथांची मालिका तेथेच खुंटली.

ह्या नियमावलीचा डोळा केवळ रक्तपातावर नव्हता, हे 'जजमेंट डे' ह्या फेल्डस्टीनच्या कथेवरून दिसते. एका ग्रहावरील यंत्रमानवांत नारिंगी आणि निळे असा भेदभाव आहे; पृथ्वीवरून आलेला निरीक्षक ते पाहून त्या ग्रहाला नापास करतो; आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो तेव्हा तो कृष्णवर्णी असल्याचे कळते. १९५३ साली ती प्रथम छापली गेली तेव्हा ब्रॅडबरीने आवर्जून तिची प्रशंसा कळवली होती. पुढे तीच कथा पुन्हा छापायची ठरली, तेव्हा नियमावलीच्या प्रशासकाने नायक कृष्णवर्णी असण्यावरच आक्षेप घेतला. गेन्स हटून बसला. हा आक्षेप जाहीर करीन, असे त्याने बजावले. १९५६ च्या आरंभी कथा जशीच्या तशी निघाली. तो ईसीच्या कॉमिक्सचा अखेरचा अंक ठरला. मागे उरले ते 'मॅड' हे विनोदी नियतकालिक. १९५५ पासून त्याचे आकारमान बदलल्यामुळे ते नियमावलीच्या कक्षेबाहेर राहिले.

ह्या वावटळीचे पडसाद भारतातही उमटले. ब्रिटनने १९५५ साली भयचित्रकथांविरुद्ध कायदा केला आणि १९५६ साली भारतीय संसदेने तरुणांना अपायकारक अशा प्रकाशनांविषयीचा कायदा संमत केला. गुन्हे, क्रौर्य किंवा बीभत्स प्रसंग चित्रांच्या साहाय्याने रंगवून वाचकाला बिघडवणारी पुस्तके त्याच्या कक्षेत येतात, आणि तरुण म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती अशी त्याची व्याख्या आहे. लाफायेट स्ट्रीटवरील एका कचेरीत निघालेल्या चोपड्यांची सावली दिल्लीच्या विधिग्रंथापर्यंत पोचली, ती अशी. पुढच्याच दशकात 'इंद्रजाल कॉमिक्स' आणि 'अमर चित्र कथा' यांनी भारतीय घरांत चित्रकथेला आदराचे स्थान मिळवून दिले, हा त्याच इतिहासाचा दुसरा, अधिक प्रसन्न भाग होय.

ब्रॅडबरीच्या बाबतीत एक योगायोग विशेष बोलका आहे. ईसीशी भागीदारी ऐन भरात असतानाच, १९५३ साली, त्याची 'फॅरनहाइट ४५१' ही सुप्रसिद्ध कादंबरी प्रकाशित झाली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठीय ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टंकलेखन यंत्रावर तिचा खर्डा तयार झाला होता. तिच्यातील भावी राजवट पुस्तके जाळते, पण कॉमिक्स मात्र निरुपद्रवी म्हणून राहू देते. प्रत्यक्ष अमेरिकेत नेमके उलट घडत होते : ग्रंथालये शाबूत होती आणि होळीत पडत होती ती कॉमिक्स. द्रष्ट्या लेखकाचा तपशील येथे चुकला. तत्त्व मात्र चुकले नाही. मजकूर वाचून पारखण्याऐवजी जाळून निकालात काढण्याची सवय एकदा लागली की, पुढचे सरपण कोणते हा केवळ प्रसंगाचा प्रश्न उरतो.

ह्याच कादंबरीच्या नशिबी पुढे आणखी एक विपरीत प्रकार आला. शाळांसाठी म्हणून १९६७ साली काढलेल्या आवृत्तीत तिच्याच प्रकाशकाने लेखकाला न विचारता ठिकठिकाणी शब्द बदलले; लेखकाच्या हिशेबाने अशा जागा ७५ च्या घरात होत्या. वाचकांनी लक्षात आणून दिल्यावर १९७९ मध्ये त्याने हरकत घेतली आणि मूळ पाठ पुन्हा प्रस्थापित झाला. येथे ईसीशी केलेली तुलना उद्बोधक ठरते. फेल्डस्टीनने दोन कथा मोडून एक केली, सहा-आठ पानांत बसवली, तरी ब्रॅडबरीने ती भागीदारी आनंदाने पत्करली. प्रतिष्ठित प्रकाशकाने थोडेच शब्द हलवले आणि तो संतापला. याचे कारण उघड आहे. रूपांतर आपण रूपांतर आहोत हे मान्य करते, मूळ लेखकाचे ऋण सांगते आणि मूळ कृती जागेवर अबाधित ठेवते. गुपचूप केलेली काटछाट मूळ कृतीचाच मुखवटा धारण करते. पहिल्याची किंमत ५० डॉलरांत ठरू शकते. दुसऱ्याची कशातही ठरत नाही.

काळाने भागीदारीच्या बाजूने निकाल दिला. १९६५ मध्ये 'दि ऑटम पीपल' आणि १९६६ मध्ये 'टुमॉरो मिडनाइट' ह्या नावांनी ईसीमधील ब्रॅडबरीच्या चित्रकथा पुस्तकरूपाने पुन्हा निघाल्या. २००९ साली टिम हॅमिल्टनने 'फॅरनहाइट ४५१'चीच चित्रकादंबरी केली, ती लेखकाच्या संमतीने आणि त्याच्या प्रस्तावनेसह. ५ जून २०१२ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, ब्रॅडबरीचे निधन झाले. आपली सर्वांत नावाजलेली कृती, जिच्यात पुस्तकांसाठी माणसे प्राणांवर उदार होतात, ती एकेकाळी होळीत पडलेल्या माध्यमातून वाचकांच्या हाती गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

वाङ्मयाच्या इतिहासात करारनाम्यांना सहसा स्थान मिळत नाही. तरीही ह्या पत्राची नोंद व्हावयास हवी. हक्कासाठी भांडताना समोरच्यातील रसिक ओळखणे, आणि रसिकता मान्य करताना हक्क न सोडणे, ह्या दोन गोष्टी एकत्र साधणारे लेखक थोडे. ब्रॅडबरी फिर्याद घेऊन गेला असता तर कदाचित त्याला नुकसानभरपाई अधिक मिळाली असती. पण मग वॉली वूडने रेखाटलेले ते निर्मनुष्य घर आणि क्रिगस्टीनचा तो कागदी पंखांचा उडता मनुष्य यांना जग मुकले असते.